घर कुणाचं? उरुग्वेतील एक प्रयोग

मंडळी, लॉकचा सिद्धान्त तुम्हाला ठाऊक आहे. माणूस ज्या वस्तूत आपले श्रम मिसळतो, ती त्याची होते. आता समजा, पन्नास कुटुंबांनी मिळून पन्नास घरं बांधली. प्रत्येकाने प्रत्येक घराच्या विटा वाहिल्या. मग कुठलं घर कुणाचं?

अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्यामध्ये वसलेल्या उरुग्वेत हा प्रश्न खरोखर उभा राहिला. 1966 साली राजधानीबाहेर तीन ठिकाणी परस्पर साहाय्याने घरं बांधण्याचे प्रयोग सुरू झाले. 1968च्या डिसेंबरात राष्ट्रीय गृहनिर्माण कायदा आला. तो घडवण्यात वास्तुविशारद हुआन पाब्लो तेरा यांचा मोठा वाटा होता.

कामगाराजवळ सुरुवातीला भरायला पैसा नसतो. कायद्याने त्याचे श्रमच भांडवल म्हणून धरले, खर्चाच्या साधारण 15 टक्के. बाकीचं सरकारी कर्ज, दीर्घ मुदतीचं. महागाई बेफाम होती, म्हणून कर्जाचं मोजमाप पगारांच्या निर्देशांकाशी जोडलं. हा मुद्दा हिशेबनिसाचा वाटेल, पण माझ्या मते सगळी योजना त्यावरच तरली. प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला सुमारे 20 तास द्यायचे. नोकरी सांभाळून, म्हणजे बहुधा शनिवार-रविवारी. बायकाही भिंती रचत. आणि घरांचं वाटप? पुष्कळ ठिकाणी बांधकाम संपत आल्यावर सोडत काढून. आपलं कुठलं हेच माहीत नाही, तेव्हा एकाही भिंतीत हयगय करून चालत नाही!

मालकी मात्र संस्थेकडे. कुटुंबाला राहण्याचा हक्क. तो वारसांना मिळतो. सोडून जाताना घातलेलं भांडवल परत मिळतं, बाजारभाव नाही. मुंबईत सोसायटीचं भागपत्र कपाटात ठेवणाऱ्यांना यातलं अर्धं ओळखीचं वाटेल. बाजारभावाचं वाक्य तेवढं पचणार नाही.

1970 साली या संस्थांनी ‘फुक्वाम’ हा महासंघ स्थापला. 1973 मध्ये लष्करशाही आली. दहा वर्षांनी सरकारने ही सामायिक मालकी मोडून घरं ज्याच्या त्याच्या नावावर करायचं ठरवलं. वरवर पाहता ही भेटच की! पण सभासदांनी ती नाकारली. फेब्रुवारी 1984 मध्ये, जेमतेम तीस लाख वस्तीच्या त्या देशात, एका दिवसात 3 लाखांहून अधिक सह्या त्याविरुद्ध गोळा झाल्या. लष्करी राजवट अजून सत्तेवर होती. सही करणाऱ्याला स्वतःचं नाव उघडपणे लिहावं लागत होतं.