आइस्क्रीम, फ्लॉपी आणि साथींचा हिशेब

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो काउंटीत लायकमिंग नावाचं एक छोटं गाव आहे. १८ एप्रिल १९४० च्या संध्याकाळी तिथल्या चर्चमध्ये गावजेवण झालं. पंगतीला सुमारे ८० माणसं होती. हॅम, पालक, बटाटे, कोबीची कोशिंबीर, केक, दोन प्रकारचं आइस्क्रीम, असा घरून करून आणलेला बेत होता. जेवून घरी गेलेली माणसं त्याच रात्री उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. चौकशीला आलेल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी ७५ जणांना गाठून कोणी काय खाल्लं ते विचारलं. त्यांतले ४६ आजारी पडले होते.

आता दोष कुठल्या पदार्थाचा? हॅम खाणारे पुष्कळ आजारी पडले, म्हणून हॅमवर आळ घेता येत नाही, कारण हॅम न खाणारेही जवळजवळ तितक्याच प्रमाणात आजारी होते. खाल्लेले आणि न खाल्लेले, आजारी आणि धडधाकट, असे चार खण पाडावे लागतात. व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेल्या ५४ जणांपैकी ४३ आजारी होते, न खाल्लेल्या २१ पैकी फक्त ३. म्हणजे शंभरात ८० विरुद्ध १४. इथे गुन्हेगार सापडला. आइस्क्रीमचं मिश्रण आदल्या रात्रभर चर्चच्या तळघरात ठेवलेलं होतं.

हिशेब तसा शाळकरी आहे. पण पदार्थ चौदा, प्रत्येकाचे चार खण, मग वयाप्रमाणे वेगळं, स्त्री-पुरुष वेगळं, आणि माणसं ७५ ऐवजी ७५० असली तर? कागद-पेन्सिलीनं करता करता साथ ओसरून जाते. १९७० च्या दशकात हे काम करणारी एसपीएसएस, सॅस अशी संगणकीय पॅकेजेस होती, पण ती चालत मोठ्या संस्थांच्या भल्यामोठ्या संगणकांवर, आणि सॅससाठी तर दरवर्षी भाडं मोजावं लागे. जिल्ह्याच्या डॉक्टरनं माहिती गोळा करायची, ती वर पाठवायची आणि उत्तराची वाट पाहायची, असा तो काळ. रोगी एकीकडे आणि बेरीज-वजाबाकी दुसरीकडे.

१९८५ मध्ये अमेरिकेच्या अटलांटा इथल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं ‘एपी इन्फो’ नावाचं पॅकेज बाहेर काढलं. त्यामागे डॉ. अँड्र्यू डीन होते, आणि प्रोग्राम लिहायला त्यांचा मुलगा जेफ. तो तेव्हा शाळेत होता! हे कुटुंब १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सोमालियातल्या निर्वासितांच्या छावणीत राहून काम करून आलं होतं. तिथे मोठा संगणक कुठून येणार? हेच जेफ डीन पुढे गूगलचे नामवंत अभियंते झाले. पण माझ्या मते त्यांची ही पहिली कामगिरीही काही कमी नव्हे.

वापरण्याची पद्धत साधी होती. टाइपरायटरवर फॉर्म टाइप करावा तशी प्रश्नावली पडद्यावर टाइप करायची. नावासाठी रेघ ओढायची, आकड्यासाठी चौकटीची खूण. त्यावरून संगणक स्वतःच माहिती भरण्याचा तक्ता तयार करी. मग ‘टेबल्स’ ही आज्ञा, पुढे पदार्थाचं नाव आणि आजाराचं नाव. क्षणात चार खण, सापेक्ष जोखीम, काय-स्क्वेअर, सगळं समोर! एखाद्या खणातला अपेक्षित आकडा पाचाच्या खाली गेला, तर फिशरची कसोटी वापरा, असा इशाराही येई. शेजारी बसलेल्या जाणत्या शिक्षकासारखा.

आणि किंमत? काहीच नाही. अमेरिकी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी सरकारी कामात लिहिलेल्या मजकुरावर त्या देशात स्वामित्वहक्क लागत नाही. त्यामुळे माहितीपुस्तिकेतच परवानगी दिलेली होती, की प्रती काढा, भाषांतर करा, वाटा. इतर कंपन्या फ्लॉपीची नक्कल होऊ नये म्हणून कुलपं शोधत होत्या, त्याच दशकातली ही गोष्ट. फ्लॉप्या हातोहात गेल्या. लाखो प्रती, शंभराहून अधिक देश, डझनाहून अधिक भाषा. १९९४ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीनं सहावी आवृत्ती आली आणि ती जुन्यापुराण्या संगणकांवरही वर्षानुवर्षं चालत राहिली. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही प्रबंधासाठी किती रुग्ण घ्यावेत हे काढायला विद्यार्थी एपी इन्फोकडेच वळत.

पुढे २००० साली विंडोजवरची आवृत्ती आली. तिचा बाज वेगळा आणि पसारा मोठा. जुन्या सुटसुटीतपणाची आठवण काढणारे बरेच होते. डेन्मार्कच्या ओडेन्समध्ये येन्स लॉरिट्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग ‘एपीडेटा’ हे तशाच हलक्या अंगाचं, तेही फुकट, पॅकेज उभं केलं. प्रश्नावली लिहिण्याची पद्धत त्यांनी जुनीच ठेवली, म्हणजे सवय झालेल्या माणसाला पुन्हा शिकायला नको. तिकडे न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ ही संख्याशास्त्राची भाषा घडवली होती. १९९५ पासून तिचा आतला कोडसुद्धा सर्वांना खुला झाला. आर शिकायला कष्ट पडतात, हे मान्य करायला हवं. पण एकाच संस्थेच्या मर्जीवर ती अवलंबून नाही, ही मोठी गोष्ट.

ऑस्वेगोच्या त्या ७५ जणांची यादी एपी इन्फोबरोबर सरावासाठी दिलेली असे. त्यामुळे कित्येक देशांतल्या विद्यार्थ्यांनी त्या पंगतीचा तपास पुन्हा पुन्हा केला, आणि शिक्षकाचं उत्तर बरोबर आहे का, हे स्वतः ताडून पाहिलं. वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतंच, की व्हॅनिला आइस्क्रीम न खाताही आजारी पडलेले ते तिघं कोण? खाल्लेलं विसरले असतील, दुसऱ्या कशानं पोट बिघडलं असेल, किंवा चर्चच्या जेवणात आइस्क्रीमवर ताव मारल्याचं कबूल करायला लाजले असतील. ‘टेबल्स’ ही आज्ञा कितीही वेळा दिली तरी त्या खणात फक्त ३ हा आकडा दिसतो.