वरचढ कोण? कुत्र्यांचं एक वागणं आणि माणसांची एक समजूत

घरात दोन कुत्रे असले की हा प्रसंग कधी ना कधी येतोच. पाहुणे येऊन बसतात आणि नेमका तेव्हाच एक कुत्रा दुसऱ्याच्या अंगावर चढतो. घरचे ओशाळतात, कुणीतरी खेकसतं. मग एखादा जाणकार सांगतो, ‘तो वरचढ व्हायला बघतोय, त्याला त्याची जागा दाखवा.’ आज आपण या सल्ल्याचाच इतिहास बघू.

हा सल्ला आपल्याला चटकन पटतो, कारण भाषाच त्याच्या बाजूची आहे. ‘वरचढ’, ‘डोक्यावर चढवून ठेवलंय’. चढणं म्हणजे सत्ता, हे आपण शब्दांतच मान्य करून बसलोय. पण रूपक म्हणजे पुरावा नव्हे.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे यांनी कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचतं याची उतरंड मांडली. पुढे १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर निबंध लिहिला. कुंपणातल्या त्या लांडग्यांत त्यांना वर्चस्वाची झटापट दिसली. १९७० मध्ये डेव्हिड मेक यांच्या लांडग्यांवरच्या पुस्तकामुळे ‘अल्फा’ हा शब्द सर्वदूर गेला. १९७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठाच्या साधूंनी श्वानशिक्षणावर पुस्तक काढलं. कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरायचं, ही शिक्षा त्यातून लोकप्रिय झाली. म्हणजे बघा, कुंपणातल्या लांडग्यांचा निष्कर्ष आपल्या दिवाणखान्यातल्या कुत्र्याला लावला गेला!

पुढे मेक यांनीच एल्समियर बेटावर तेरा उन्हाळे रानटी लांडगे पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. नात्यात नसलेले लांडगे एकत्र कोंडले, तर त्यांच्यावरून रानातल्या कळपाचं चित्र उभं राहत नाही. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा, अशी विनंतीही त्यांनी प्रकाशकाला केली. साधूंनीसुद्धा २००२ च्या आवृत्तीत ती शिक्षा गाळली. विचार बदलणं म्हणतात ते हे.

पण शिक्षा मात्र घराघरांत राहिली. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी, वागण्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं. ज्यांनी कुत्र्याला असं उताणं दाबून धरलं होतं, त्यांच्यापैकी ३१ टक्के लोकांनी सांगितलं, की कुत्रा उलट आक्रमक झाला.

मग हे चढणं असतं तरी काय? कृती एक, कारणं अनेक. काही आठवड्यांची पिल्लं खेळताना हे करतात. माद्या करतात, नसबंदी झालेले कुत्रेही करतात. कधी कामभावना असते, कधी नुसती उत्तेजना, कधी ताण. बेल वाजली, मालक घरी आला, खेळ फार रंगला, की उसळलेला जोर असा बाहेर पडतो. अचानक सुरू झालं असेल, तर लघवीच्या मार्गाचा संसर्ग किंवा कातडीची खाजही असू शकते. तेव्हा आधी पशुवैद्याला दाखवा. नसबंदीने बऱ्याचदा फरक पडतो, पण मुरलेली सवय तेवढ्याने जाईलच असं नाही.

आता उपाय. केव्हा होतं, ते आठवडाभर टिपून ठेवा. चढण्याआधी खूण दिसते: तो दुसऱ्याच्या मागे घुटमळतो, पाठीवर हनुवटी टेकवतो. त्याच क्षणी शांतपणे हाक मारा, आला की खाऊ द्या, बसायला सांगा. पाहुणे येणार असतील तर आधीच पट्टा लावून ठेवा. ऐकतच नसेल, तर दोन-चार मिनिटं वेगळ्या खोलीत ठेवा. ती शिक्षा नव्हे, डोकं थंड व्हायला दिलेला वेळ. ओरडलात, तर त्याची उत्तेजना आणखी वाढते.

आणि दुसऱ्या कुत्र्याकडेही बघा. तो खुशीत खेळत असेल, तर सोडून द्या. निसटू पाहत असेल, तर तुम्ही मधे पडा. तो गुरगुरला तर त्याला रागावू नका. गुरगुरणं म्हणजे ‘पुरे आता’ असं सांगणं. तेच बंद पाडलं, तर पुढच्या वेळी तो सूचना न देता थेट चावेल, आणि त्या घरात कदाचित लहान मूलही असेल.