कृष्णेचा महापूर आणि कुपवाडची उंची

पावसाळा आला की सांगली परिसरात प्रत्येकाच्या मुखी एकच प्रश्न असतो, "आयर्विनला पाणी किती?" सांगली संस्थानच्या काळात कृष्णेवर उभारलेला आणि 1929 मध्ये खुला झालेला हा पूल दळणवळणासाठी बांधला गेला, परंतु कालांतराने तोच पुराची मोजपट्टी बनला. तेथे 40 फुटांस इशारा पातळी, तर 45 फुटांस धोका पातळी मानतात.

2005 च्या महापुरात पाणी 54 फुटांच्या आसपास पोहोचले. ओसरल्यावर भिंतींवर राहिलेली ती रेषाच पुढील 14 वर्षे गावाचे प्रमाण ठरली. दुकानांतील माळे, घरांची जोती, सारे त्या रेषेच्या हिशेबाने झाले. ऑगस्ट 2019 मध्ये मात्र पाणी 57 फुटांच्या वर गेले. रेषेच्या वर ठेवलेला मालही भिजला. कापडाचा तागा एकदा पुराच्या पाण्यात भिजला की तो पुन्हा गिऱ्हाइकापुढे उलगडता येत नाही. दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, नदीने पुन्हा धोका पातळी मागे टाकली.

यामागे केवळ दैव नाही. पश्चिम घाटात पडणारा पाऊस कोयना व वारणा या नद्यांवाटे कृष्णेस मिळतो. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे थोड्या दिवसांत पुष्कळ पाऊस कोसळण्याचा संभव वाढतो. जुनी रेषा ही यापुढे कमाल मर्यादा मानता येणार नाही.

कुपवाड नदीकाठी नाही, उंचावर आहे, म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? 1998 मध्ये सांगली, मिरज व कुपवाड यांची एक महानगरपालिका झाली. पाणी, वीज आणि रस्ते यांनी ही तिन्ही गावे एकमेकांस जोडलेली आहेत. नदीकाठचे पंप किंवा सखल भागातील वीज उपकेंद्र पाण्याखाली गेले, तर कोरड्या घरातील नळही कोरडाच राहतो.

पूरग्रस्तांना अन्न व आसरा देणे हे पुण्यकर्म खरेच. तथापि पूर येण्यापूर्वीची तरतूद त्याहून कमी मोलाची नाही. गेल्या वर्षाचा तोटा पाहून राखीव निधी ठेवणारा व्यापारी येणारा तोटा तेवढाच असेल असे कधी धरीत नाही. पंपगृहे व वीज उपकेंद्रे 2019 च्या पातळीहूनही वर नेली जावीत, हा आग्रह नागरिकांनी धरला पाहिजे. आपल्या परिसरातील जुन्या विहिरी व आड साफ ठेवणे, तसेच सभागृहे व शाळा आश्रयासाठी सज्ज ठेवणे, हे तर आपल्याच हाती आहे. उंचावर वसलेल्या गावाचे हे कर्तव्यच आहे.