वगळलेला धडा

मंडळी, आज जरा अवघड विषयावर लिहिते आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना आवडणार नाही असं म्हणणार होते, पण आता वडीलधारे म्हणून उरलो आम्हीच दोघं-तिघं! तेव्हा लिहून टाकते.

आमच्या अण्णांची पत्र्याची ट्रंक भाचरांपैकी सगळ्यांनी पाहिली आहे. अण्णा १९७९ मध्ये गेले. त्यानंतर मी ती उघडली. वर ज्ञानेश्वरी, मग शेताचे उतारे, पोस्टाची पासबुकं आणि अगदी तळाशी धोतराच्या फडक्यात बांधलेले 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे नऊ अंक. मुखपृष्ठावरचं विवस्त्र स्त्रीचं चित्र पाहिलं आणि मी गाठ परत मारली. आई दारातून म्हणाली, "आहे तसं ठेव." ठेवलं. पुढे कित्येक वर्षं ते गाठोडं सुटलं नाही.

मी बी.ए. झालेली, शाळेत मराठी आणि इतिहास शिकवणारी. महर्षी धोंडो केशव कर्वे दरवर्षी शिकवायचे. १८९३ चा पुनर्विवाह, १८९६ चा अनाथ बालिकाश्रम, १९१६ चं महिला विद्यापीठ, १९५८ चं भारतरत्न... सनावळी तोंडपाठ. पण त्यांचा थोरला मुलगा रघुनाथ याचं नाव मी वर्गात एकदाही घेतलं नाही. पुस्तकात नव्हतं, हे कारण सोयीचं होतं.

रघुनाथरावांचा जन्म १८८२ चा. गणिताचे प्राध्यापक. फ्रान्सला जाऊन आले आणि १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपलं केंद्र उघडलं होतं. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती! पण लोक येईनात. विल्सन कॉलेजातली नोकरी या कामापायी गेली. पत्नी मालतीबाईंनी नोकरी करून संसार सावरला. आपल्याला मूल नको असं दोघांनी ठरवलं, आणि शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. बायकोला पुढे केलं नाही. आजही आपल्याकडे नसबंदीच्या टेबलावर बहुतेक बाईच जाते, हे लक्षात घ्या म्हणजे त्याचं मोल कळेल.

जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं ते १९५३ च्या ऑक्टोबरात देह ठेवीपर्यंत. सव्वीस वर्षं! अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मध्ये शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला. त्यात वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक अडचण विचारतात, तिला उत्तर देणं अश्लील कसं, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. खटला हरले, दोनशे रुपये दंड पडला.

पण मला आज सांगायचंय ते वेगळंच. कर्व्यांना आपण संततिनियमनासाठी ओळखतो. 'गुप्तरोगांपासून बचाव' या नावाचंही एक पुस्तक त्यांनी १९२३ मध्येच लिहिलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. तेव्हा गरमी आणि परमा हे शब्द शिवीसारखे वापरत. पेनिसिलिन गरमीवर पहिल्यांदा वापरलं गेलं १९४३ मध्ये. त्याआधी पारा आणि १९१० पासून सोमलाच्या जातीचं एक औषध. उपचार लांबलचक आणि त्रासाचे. अशा काळात बचाव हाच खरा उपाय होता, आणि बचावाबद्दल बोलायलाच बंदी!

सरकारी उपायही पाहा. इंग्रजांनी १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा आणला. गोऱ्या सोजिरांना हे रोग फार होत म्हणून. तपासणी कुणाची? वेश्यांची. नोंदणी, सक्तीची तपासणी, आजारी निघाली की इस्पितळात डांबणं, सगळं बायकांनाच. सोजिराला तसली सक्ती नाही. १८८८ मध्ये कायदा रद्द झाला, पण रोग म्हणजे बाईचा दोष ही समजूत मागे राहिली. कर्व्यांनी रोगाला पाप न म्हणता रोग म्हटलं. खटला खरा त्यांच्या त्या सुरावर झाला असं मला वाटतं.

आता माझी गोष्ट. साल १९८५ च्या सुमाराचं. शाळेचं नाव नको. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांचे तास मला मिळाले. पुढचा धडा होता पुनरुत्पादन. (बाई ज्यासाठी रजेवर, तोच धडा!) मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. मी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "हा धडा घरी वाचून या." पाच मिनिटांत पुढचा धडा सुरू.

त्या वर्गातली एक मुलगी १९९८ मध्ये शाळेत आली, मुलाचा दाखला न्यायला. नाव लिहीत नाही. नवरा ट्रकवर होता, मुंबई-बेंगळूर. तो आदल्या वर्षी 'त्या' रोगाने गेला होता. हिचीही तपासणी झाली, तोच निकाल. सासरच्यांनी, हिनेच त्याला रोग दिला म्हणून, घराबाहेर काढलं होतं. माझ्यासमोर बसून ती म्हणाली, "बाई, लग्नाआधी मला कुणाचा हातसुद्धा माहीत नव्हता. नवऱ्याला अंगावर गळू झालेलं मी पाहिलं होतं. ते काय असतं, मला कुणी सांगितलंच नाही."

तिने मला दोष दिला नाही. तिला तो तास आठवतही नसेल. मला आठवला.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा आढळला १९८६ मध्ये, चेन्नईत. म्हणजे तो धडा मी शिकवला असता तरी त्यात एड्स नसताच. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण संबंधातून रोग लागतात, निरोधने बचाव होतो, अंगावर फोड दिसला तर दवाखान्यात जावं, एवढं तर कर्व्यांच्या काळापासून माहीत होतं. अण्णांच्या ट्रंकेतही होतं! त्या रात्री मी गाठ सोडली आणि नऊही अंक वाचले.

पुढे कळलं की ती एकटी नव्हती. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायकांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. करोनाच्या दिवसांत टीव्हीवर दिसायचे ते डॉ. रमण गंगाखेडकर त्यात होते. वेश्याव्यवसायात नसलेल्या बायकांतही शंभरात तेरा-चौदा जणींना एचआयव्हीची लागण होती. त्यातल्या बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी. 'चांगल्या घरच्या बायकांना काही होत नाही' या समजुतीचं उत्तर त्या आकड्यात आहे.

कर्व्यांची सगळी मतं मला पटत नाहीत, हेही सांगते. रोग नको, नको असलेलं मूल नको, एवढं सांभाळलं की स्त्रीपुरुषसंबंधात अनीती कसली, असा त्यांचा हिशेब. गणिताच्या माणसाचा हिशेब! माझ्या विद्यार्थिनीचा विश्वास मोडला, तो कुठल्या रकान्यात मांडायचा? पण विश्वासाबद्दल बोलायचं तरी आधी तोंड उघडावं लागतं. ते त्यांनी उघडलं, मी मिटून घेतलं.

आणि एकदाच नाही. २००७ मध्ये आपल्या राज्यात शाळांतलं लैंगिक शिक्षण गदारोळानंतर थांबवलं गेलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझी निवृत्ती वर्षावर आली होती. बोलायला हवं होतं, बोलले नाही.

ती विद्यार्थिनी आहे, बरं का. २००४ पासून सरकारी इस्पितळांत मोफत औषधं मिळू लागली, तिला ती पुढे मिळाली. रोज गोळी घेते, शिवणकाम करते. मुलगा नोकरीला लागला, त्याला लागण नाही. २०१७ च्या कायद्याने अशा माणसांशी भेदभाव करायला बंदी घातली, तरी शेजारणींना तिने अजून सांगितलेलं नाही. हे लिहू का म्हणून फोन केला, तर म्हणाली, "लिहा बाई. फक्त नाव नको."

अंक माझ्याकडेच आहेत. आता फडक्यात नाहीत, कपाटात समोरच ठेवलेत. नात अकरावीला आहे. गेल्या आठवड्यात तिने एक काढून वाचायला घेतला आणि विचारलं, "आजी, परमा म्हणजे काय गं?"

सांगितलं. आवाज जरा कापला, पण सांगितलं.