बचावपटू आणि समान नागरिकत्व : लिलियन थुराम यांच्या कारकिर्दीचे ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :
फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्या खेळाडूच्या वाट्याला कीर्ती येते. प्रतिस्पर्ध्याचे आक्रमण निष्फळ ठरविणे हे बचावपटूचे कार्य असल्याने त्याचे यश आकड्यांत दिसत नाही. प्रस्तुत लेखात फ्रान्सचे बचावपटू लिलियन थुराम यांच्या कारकिर्दीच्या आधारे क्रीडायश आणि समान नागरिकत्व यांचा परस्परसंबंध तपासला आहे.

वासाहतिक पार्श्वभूमी :
थुराम यांचा जन्म १ जानेवारी १९७२ रोजी कॅरिबियन समुद्रातील ग्वादेलूप येथे झाला. १६३५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतलेल्या या बेटावर उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. १८४८ मध्ये तेथील गुलामगिरी संपुष्टात आली आणि १९४६ मध्ये ग्वादेलूपला फ्रान्सच्या प्रांताचा दर्जा मिळाला. अर्थात थुराम जन्मतःच फ्रेंच नागरिक होते. तरीही १९८१ मध्ये पॅरिस परिसरात आल्यानंतर त्यांना वर्णावरून हिणविले गेले. आपण 'काळे' आहोत ही जाणीव तेथेच झाली, असे त्यांनी पुढे वेळोवेळी सांगितले.

व्यावसायिक कारकीर्द :
मोनॅको संघातून व्यावसायिक कारकीर्द सुरू करून थुराम यांनी पुढे पार्मा (१९९६-२००१), युव्हेन्टस (२००१-०६) व बार्सिलोना (२००६-०८) या संघांचे प्रतिनिधित्व केले. १९९९ मध्ये पार्माने युएफा चषक जिंकला. २००२ व २००३ मध्ये युव्हेन्टसने इटालियन विजेतेपद मिळविले. मध्य बचाव आणि उजवी बगल या दोन्ही जागा ते सांभाळत. फ्रान्ससाठी ते १४२ सामने खेळले. हा विक्रम २०२२ मध्ये गोलरक्षक ह्यूगो लॉरिस यांनी मोडला.

१९९८ चा विजय व त्याच्या मर्यादा :
१९९६ मध्ये अतिउजवे नेते ज्याँ-मारी ल पेन यांनी फ्रान्सच्या संघाच्या 'फ्रेंचपणा'बद्दलच शंका घेतली होती. ८ जुलै १९९८ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात क्रोएशियाने आघाडी घेतल्यावर थुराम यांनी दोन गोल करून फ्रान्सला २-१ असा विजय मिळवून दिला. राष्ट्रीय संघासाठी त्यांनी केलेले गोल एवढेच. अंतिम सामन्यात ब्राझीलचा ३-० असा पराभव झाला आणि विविध वंशांच्या या संघाचा एकात्म फ्रान्सचे प्रतीक म्हणून गौरव झाला.

मात्र हा गौरव उपनगरांतील विषमता दूर करू शकला नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये पोलिसांना भिऊन वीज उपकेंद्रात शिरलेल्या दोन मुलांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला व उपनगरांत दंगली उसळल्या. तत्कालीन गृहमंत्री निकोला सार्कोझी यांनी तेथील तरुणांसाठी वापरलेल्या अवमानकारक शब्दाचा थुराम यांनी जाहीर निषेध केला. आपणही अशाच वस्तीत वाढलो, याचे त्यांनी स्मरण करून दिले. हिंसेमागील बेरोजगारी व भेदभाव पाहावा, ही त्यांची भूमिका होती.

निष्कर्ष :
२००८ मध्ये हृदयदोषामुळे थुराम निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांनी वंशवादविरोधी शिक्षणासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. विजयी खेळाडूला समाज आपला मानतो. परंतु त्याच वस्तीतील सामान्य तरुणाला आपलेपण सिद्ध करावे लागते, हे या कारकिर्दीवरून स्पष्ट होते. नागरिकत्व हा हक्क आहे, पराक्रमाचे बक्षीस नव्हे. म्हणूनच थुराम यांच्या त्या दोन गोलांइतकेच त्यांचे २००५ मधील निवेदनही इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.