गाडी लीजवर घेताना दलाल कसा पारखाल? खानदेशातल्या हुंडेकऱ्याकडून शिकलेले तीन प्रश्न



हा लेख माझ्या विषयाबाहेरचा आहे. मी विज्ञानाचा विद्यार्थी. रावेर-यावल पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी तपासतो. पण फिल्डवर्क करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी गाडी लागते, आणि गाडी म्हटलं की मधला माणूस आलाच. माझ्या पहिल्या वर्षी या मधल्या माणसापायी माझा एक अख्खा सीझन गेला. तसं तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून हा खटाटोप.

झालं असं. पावसाळ्याआधीचे नमुने एप्रिल-मेमध्येच घ्यावे लागतात. दोन महिन्यांसाठी गाडी हवी होती. ओळखीतून एक दलाल मिळाला. माणूस गोड बोलणारा. 'भाऊ, तुम्ही काही काळजी करू नका.' मी डिपॉझिट दिलं, कागदावर काही लिहून घेतलं नाही. गाडी आली ती पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी वापराची. दुसऱ्याच आठवड्यात रस्त्यात तपासणी झाली, गाडी अडकली. बर्फाच्या पेटीतल्या बाटल्या दुपारभर उन्हात. दलालाला फोन केला तर उत्तर आलं, 'मी फक्त गाठ घालून दिली. बाकीचं तुमचं तुम्ही बघा.' पुढे पाऊस सुरू झाला आणि तेच नमुने घ्यायला मला पुढच्या उन्हाळ्याची वाट बघावी लागली.

'मी फक्त गाठ घालून दिली' हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दलालाची जबाबदारी नेमकी किती, हे आधी कोणी ठरवलं होतं का? शोधता शोधता मी पोचलो आपल्याच भागातल्या जुन्या व्यापारात.

हुंडेकरी म्हणजे कोण?

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. त्यात 'हुंडेकरी' हा शब्द आहे. अर्थ काय, तर माल पोचवण्याचा ठेका घेणारा, आणि तोही वाटेतल्या जकातीसकट. 'हुंडा' म्हणजे इथे लग्नातला हुंडा नव्हे, तर एकरकमी, ठोक व्यवहार.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. रेल्वे यायच्या आधीचा खानदेश. कापूस बैलगाड्यांवर नाहीतर लमाणांच्या बैलांवर लादून निघायचा. वाट धुळे, मालेगाव, नाशिक अशी, आणि मग घाट उतरून कोकणात. वाटेत ठिकठिकाणी जकाती, नद्या, चोरीची भीती. व्यापाऱ्याकडे स्वतःच्या गाड्या नसत. म्हणजे दुसऱ्याचं वाहन मधल्या माणसामार्फत घ्यायचं, हाच प्रश्न त्यालाही होता. हुंडेकरी एक रक्कम सांगे. वाटेत जकात जास्त लागली तर ती त्याच्या खिशातून. म्हणून कोणत्या वाटेनं जायचं, कुठे किती भरावं लागेल, हे नीट माहीत असण्यात त्याचाच फायदा होता.

याच जातीची आणखी एक गोष्ट म्हणजे जोखमी हुंडी. माल सुखरूप पोचला तरच या हुंडीचे पैसे चुकते व्हायचे. वाटेत माल बुडाला तर पैसे बुडाले. विम्याचं काम हुंडीच्या कागदातच गुंडाळलेलं.

यातून पहिला प्रश्न मिळतो: काही बिघडलं तर तोटा कोणाचा? माझ्या दलालाचा तोटा शून्य होता. मी तिथेच फसलो होतो, फक्त मला ते दोन आठवड्यांनी कळलं.

रुमालाखालचा भाव

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना भारताचा कापूस हवाहवासा झाला. भाव चढले तशी भेसळही वाढली. सरकी, माती, पाणी, जे मिसळून वजन वाढेल ते. मुंबई सरकारनं १८६३ मध्ये कापसातल्या फसवणुकीविरुद्ध खास कायदा केला. थळ घाटातली रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाली आणि खानदेशचा कापूस मुंबईच्या आणखी जवळ आला.

बाजारात मात्र भाव ठरायचा हत्ता पद्धतीनं. म्हणजे दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटं दाबायचे. शेतकरी समोर उभा, पण भाव काय ठरतोय ते त्याला दिसायचं नाही. त्यात पुन्हा आडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशी कापाकापी.

यावर उपाय म्हणून नियंत्रित बाजार आले. आपल्या शेजारच्या वऱ्हाडात कारंजाला १८८६ मध्ये, पुढे वऱ्हाडासाठी १८९७ चा कायदा, मुंबई इलाख्यात १९२७ चा कापूस बाजार कायदा, १९३९ चा शेतमाल बाजार कायदा आणि महाराष्ट्राचा १९६३ चा. तपशील बदलत गेले, पण परवाना, खरं वजन आणि उघड भाव यांचा आग्रह राहिला. उघड लिलाव आला, हत्ता बंद झाला.

दुसरा प्रश्न इथला: भाव आणि कापाकापी उघड आहे का? 'महिन्याला इतके' एवढ्यावर थांबू नका. त्यात विमा, देखभाल, जादा किलोमीटरचा दर, मुदतीआधी गाडी परत केल्यास दंड, डिपॉझिट परत मिळण्याची तारीख, हे सगळं एका कागदावर मागा. जो दलाल कागद द्यायला टाळतो, त्याचा हात अजून रुमालाखालीच आहे असं समजा.

दलालाला पैसे कोण देतो?

हा तिसरा प्रश्न. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, आणि व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. वरवर पाहता नुसता खिसा बदलला. पण आडत कोणाच्या पट्टीतून कापली जाते यावर भांडण होतं, म्हणजे ती बाब किरकोळ नसते. लीजच्या दलालाला बहुतेक वेळा लीज कंपनी किंवा गाडीमालक कमिशन देतो. त्यात गैर काही नाही, पण ते तुम्हाला माहीत हवं. १८७२ च्या करार कायद्यात हे स्पष्ट आहे. तुम्ही एखाद्याला आपला एजंट नेमलं, तर त्यानं हिशोब दिला पाहिजे (कलम २१३), आणि तुम्हाला न सांगता त्याच व्यवहारात स्वतःचा धंदा साधला तर तो फायदा तुम्ही मागू शकता (कलम २१६). म्हणून सरळ विचारा, 'तुम्ही माझ्या बाजूनं आहात की मालकाच्या?' उत्तर लेखी घ्या.

मोटारींवरचा एक गाजलेला पेपर

तुम्ही संशोधनाची तयारी करताय म्हणून हे सांगतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर पेपर छापला. मुद्दा साधा: गाडीतला दोष विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात. त्याच पेपरात भारतातल्या तांदळातले मुद्दाम मिसळलेले खडे निवडणाऱ्या गृहिणीचाही उल्लेख आहे. तीन जर्नल्सनी तो पेपर नाकारला होता. २००१ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. कापसातली सरकी आणि तांदळातले खडे, दुखणं एकच.

एक सावधगिरी मात्र बाळगा. 'सगळे दलाल लबाड' असा निष्कर्ष जुन्या कागदांतून काढणं सोपं आहे. पण ते कागद लिहिले कोणी? बहुतांशी सरकारी अधिकाऱ्यांनी, आणि मँचेस्टरला कापूस थेट हवा असणाऱ्यांनी. दलाल त्यांच्या वाटेत होता. शेतकऱ्याला मात्र उधारी, बाजाराची खबर आणि लांबचं गिऱ्हाईक तोच देत होता, म्हणून इतके कायदे होऊनही तो टिकला. खानदेशचं १८८० चं गॅझेटियर वाचताना हे ध्यानात ठेवा. तक्रार खरी असू शकते, तरी ती कोण करतोय हे बघायचंच.

पुढच्या उन्हाळ्यात मी दुसरी गाडी घेतली. आधी गाडीची पाटी पाहिली. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळी पाटी, पिवळी अक्षरं असतात. एमपरिवहनवर नंबर टाकून नोंदणी आणि विम्याची मुदत तपासली. आरसी बुकावर लीजची नोंद आहे का ते पाहिलं, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे ती तिथे असायला हवी. मग दलालाला तिन्ही प्रश्न विचारले. तो थोडा वैतागला, म्हणाला, 'एवढं कोणी विचारत नाही भाऊ.' पण गाडी रस्त्यात अडली तर चोवीस तासांत दुसरी देईन, असं त्यानं सहीनिशी लिहून दिलं. भाडं आधीच्यापेक्षा थोडं जास्त पडलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात गाडी खरंच सावद्याजवळ बंद पडली. संध्याकाळपर्यंत दुसरी आली, आणि बाटल्या थंड असतानाच लॅबमध्ये पोचल्या.