युगांडातला कुली, गोव्यातला परकी

महानुभावांचा ‘दृष्टान्तपाठ’ वर्गात शिकवताना आम्ही त्याची रचना फळ्यावर मांडून दाखवतो : आधी सूत्र, मग दृष्टान्त, शेवटी दार्ष्टान्तिक. सूत्र स्वामींचे, गोष्ट लोकांतली, आणि त्या गोष्टीचा सूत्राशी जोडलेला सांधा केसोबासांचा. दोन वर्षांपूर्वी, सकाळी विधी महाविद्यालयात जाऊन दुपारी आमच्या वर्गात बसणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, पीनल कोडमध्येही असेच असते. कलम, आणि खाली उदाहरण. मग तिथे तिसरे अंग कुठे असते?” त्या वेळी आम्ही हसून विषय पुढे ढकलला. पुढे जुन्या पुस्तकांच्या दुकानात इंग्रजी अमदानीतली दंडसंहितेची एक प्रत मिळाली आणि कलम ४ वर येऊन आम्ही थबकलो. प्रस्तुत टिपण त्या थबकण्यातून आले आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. हिंदी दंडसंहितेचा पहिला मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८३७ मध्ये पूर्ण केला. तो कायदा म्हणून संमत व्हायला १८६० उजाडले आणि १ जानेवारी १८६२ पासून त्याचा अंमल सुरू झाला. कलमाखाली उदाहरणे देण्याची पद्धत मूळ मसुद्यातलीच. या उदाहरणांत माणसांना नावे नाहीत, इंग्रजी अक्षरे आहेत. बहुधा ‘ए’ हा करणारा आणि ‘झेड’ हा सोसणारा. खुनाच्या व्याख्येखालचे पहिले उदाहरण घ्या : ‘ए’ ठार मारण्याच्या हेतूने ‘झेड’वर गोळी झाडतो, ‘झेड’ मरतो, ‘ए’ने खून केला. तीन वाक्यांत पात्रे, हेतू, कृती, शेवट. लघुकथेच्या काटकसरीचे कौतुक आम्ही वर्गात करतो, पण इतकी काटकसर फार थोड्या कथाकारांना साधली असेल.

मूळच्या कलम ४ चा आवाका मर्यादित होता. राणीच्या नोकरांनी मित्र संस्थानांच्या हद्दीत केलेले गुन्हे, एवढाच त्याचा विषय. हद्दीबाहेरच्या इतर गुन्ह्यांसाठी वेगळ्या कायद्यांतून काही सोय होती. १८९८ च्या चौथ्या अधिनियमाने हे कलम नव्याने लिहिले. आता ‘नेटिव्ह इंडियन’ प्रजाजन ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर पृथ्वीच्या पाठीवर कुठेही असो, संहिता त्याच्या मागोमाग जाणार होती. इतर ब्रिटिश प्रजाजनांच्या मागे ती फक्त हिंदी संस्थानांपर्यंत जाणार होती. जगभर पाठलाग एकाचाच. कलमाखाली चार उदाहरणे दिली होती. ‘ए’ हा कुली, नेटिव्ह इंडियन प्रजाजन, युगांडात खून करतो. तो ब्रिटिश हिंदुस्थानात जिथे सापडेल तिथे त्याच्यावर खटला चालवून त्याला दोषी ठरवता येईल. ‘बी’ हा युरोपियन ब्रिटिश प्रजाजन काश्मीरमध्ये खून करतो. ‘सी’ हा पंजाब सरकारच्या नोकरीतला परकी माणूस जिंद संस्थानात खून करतो. इंदूरला राहणारा ‘डी’ हा ब्रिटिश प्रजाजन, मुंबईत खून करण्यासाठी ‘ई’ला चिथावतो.

‘बी’ची ओळख वंशाने, ‘सी’ची नोकरीने, ‘डी’ची वास्तव्याने. ‘ए’ला मात्र प्रजाजन म्हणण्याआधी कुली म्हटले आहे. कायद्याच्या दृष्टीने त्याची मुळीच गरज नव्हती. ‘नेटिव्ह इंडियन प्रजाजन’ एवढ्याने कलम पुरे होत होते. मोंबासाला दुकान मांडणारा हिंदी प्रजाजन व्यापारीही या कलमात बसत होता. उदाहरणात तो आला नाही, कुली आला. ‘कुली’ हा शब्द तमिळमधल्या मजुरीवाचक ‘कूलि’पासून आला की ‘कोळी’ या जातिनामापासून, याविषयी कोशकारांत मतभेद आहेत. कायदेकाराच्या मनात असा मतभेद नव्हता. बोटीवर चढवलेला, करारावर अंगठा उठवलेला हिंदी देह, हा त्याचा निश्चित अर्थ.

आणि युगांडाच का? १८९६ मध्ये मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे बांधायला सुरुवात झाली. १९०१ मध्ये रूळ सरोवराला भिडेपर्यंत सुमारे ३२,००० हिंदी मजूर करारावर नेले गेले. ते मुख्यतः पंजाबातले, कराचीहून चढलेले. त्यांतले सुमारे २,५०० तिथेच मेले. रेल्वेचे नाव ‘युगांडा रेल्वे’, पण तिचा मार्ग जवळजवळ सगळा आजच्या केनियातला. १८९८ मध्ये हे उदाहरण लिहिले गेले तेव्हा रूळ नैरोबीलाही पोचले नव्हते. म्हणजे कायदेकाराचे ‘युगांडा’ हे स्थळापेक्षा नाव अधिक. त्याच वर्षी त्सावोच्या पुलावर पॅटर्सन नावाचा अभियंता नरभक्षक सिंहांच्या मागावर होता. त्याचे १९०७ चे पुस्तक जगभर वाचले गेले ते त्या सिंहांसाठी. गवंडी मजुरांनी आपल्याला मारण्याचा कट केला आणि त्याच्या म्होरक्यांना खटला होऊन शिक्षा झाल्या, हेही त्याने त्यात लिहिले आहे. सिंहांवर पुढे चित्रपट निघाले, गवंड्यांना कुणी विचारले नाही.

पूर्व आफ्रिकेच्या संरक्षित प्रदेशात तर १८९७ पासून खुद्द हिंदी दंडसंहिताच लागू होती. ‘जणू तो मुंबई इलाख्यातला एक जिल्हा आहे’ अशा धाटणीची कल्पना त्या व्यवस्थेमागे होती. झांझिबारमध्ये तर ती त्याही आधीपासून रुळलेली होती आणि तिथली अपिले मुंबईच्या उच्च न्यायालयात येत. परमुलखातला अधिकार ‘जणू तो मुलूख जिंकून वा सोडून दिल्याने मिळाला आहे’ अशा रीतीने वापरावा, असे १८९० चा फॉरेन ज्युरिस्डिक्शन ॲक्टही सांगतो. ‘जणू’ हे उत्प्रेक्षेचे चिन्ह, असे आम्ही अलंकारांच्या तासाला शिकवतो. कवीच्या उत्प्रेक्षेने मुख जणू चंद्र होते, पण त्या चंद्राच्या उजेडात कुणाला बेड्या पडत नाहीत. इथे ‘जणू’ म्हटले की मोंबासा ठाण्याच्या पंगतीला येऊन बसते. तात्पर्य, ‘ए’ तिथेच पकडला गेला तरी तीच संहिता, पळून परत आला तरी तीच. त्याच्यापुरती ‘हद्दीबाहेर’ ही जागा उरलीच नव्हती.

आता शिक्षेकडे वळू. कलम ३०२ प्रमाणे खुनाला देहान्त किंवा जन्मभर काळे पाणी. हे ‘ए’लाही लागू आणि ‘बी’लाही. मात्र त्याच संहितेचे कलम ५६ सांगत होते की काळ्या पाण्यास पात्र गुन्ह्यात दोषी ठरलेला युरोपियन किंवा अमेरिकन असेल, तर त्याला काळ्या पाण्याऐवजी ‘पीनल सर्व्हिट्यूड’, म्हणजे तुरुंगातली सक्तमजुरी द्यावी. शिवाय ‘बी’ला निदान निम्मे युरोपियन वा अमेरिकन असलेल्या पंचांपुढे न्याय मागण्याची सोय. इल्बर्ट बिलाच्या वादळानंतर १८८४ मध्ये ती पदरात पाडून घेतली गेली होती. तेव्हा एक समुद्र ओलांडून मजुरीला गेलेल्या ‘ए’ला दुसरा समुद्र ओलांडून अंदमान, आणि काश्मीरच्या ‘बी’ला कोरडी जमीन. कलम ५६ रद्द व्हायला १९४९ साल यावे लागले. काळे पाणी संहितेतून गेले आणि ‘आजीव कारावास’ आला तो १९५६ मध्ये. पूर्व आफ्रिकेतल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना ‘नेटिव्हां’साठी रचलेला हा कायदा आपल्याला लागू असावा याचीच चीड होती. १९३० मध्ये केनियात हिंदी संहिता जाऊन इंग्रजी वळणाची नवी आली, त्यामागे त्या तक्रारीचाही हात होता.

मराठी वाचकाला १८९८ च्या चौथ्या अधिनियमाची ओळख अर्धीच आहे. टिळकांना सप्टेंबर १८९७ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ‘अप्रीती’चा जो ऐसपैस अर्थ लावला, त्याला कलम १२४अ मध्ये कायमची जागा देणारा अधिनियम तो हाच. कलम १५३अ जन्मले तेही त्यातूनच. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षे मंडालेला धाडले गेले ते कलम १२४अ च्या जोरावर. आमच्या पाठ्यपुस्तकांत, चरित्रांत, व्याख्यानमालांत हा भाग शंभर वेळा आला आहे. परंतु त्याच अधिनियमाने, त्याच शाईने, संपादकाबरोबर कुलीलाही गाठले होते. एकाच्या लेखणीचा अर्थ रुंद केला, दुसऱ्याच्या पायाखालची भूमी. या दोघांना एकत्र आठवण्याची सवय आम्हांला लागली नाही, याचे कारण एक बोलत होता आणि दुसऱ्याला अक्षर फक्त ‘ए’ एवढेच मिळाले होते. हा दोष कायदेकाराचा नव्हे, आमचा.

संस्थानी हद्दीतून वा परमुलखातून होणाऱ्या चिथावणीची धास्ती त्या अधिनियमात उघड दिसते. इंदूरहून मुंबईतला खून घडवणारा ‘डी’ पाहा. बारा वर्षांनी सावरकरांवर, लंडनहून पिस्तुले पाठवून नाशिकच्या जॅक्सनवधाला साहाय्य केल्याचा आरोप आला आणि ३० जानेवारी १९११ ला त्यांना दुसरी जन्मठेप झाली. इंदूरच्या जागी लंडन घाला, मुंबईच्या जागी नाशिक. आराखडा बदलत नाही.

याच अधिनियमाने कलम १०८अ घातले. हद्दीबाहेर घडावयाच्या गुन्ह्याला हद्दीत बसून दिलेली चिथावणी, हा त्याचा विषय. त्याखालचे उदाहरण : ब्रिटिश हिंदुस्थानातला ‘ए’, गोव्यातल्या ‘बी’ या परकी माणसाला गोव्यात खून करण्यास चिथावतो. मुंबई इलाख्याला लागून असलेला परमुलूख म्हणून गोवा सुचला असावा. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढचे. १९५० च्या सुमारास ‘प्रजाजन’ जाऊन ‘नागरिक’ आला, ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ जाऊन ‘भारत’ आला. ‘कुली’ हा शब्द गळायला १९५७ लागले, म्हणजे प्रजासत्ताकानेही तो सात वर्षे वागवला. काश्मीर, जिंद, इंदूर ही स्थळेही गेली. युगांडा राहिला. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले, तरी आमचा ‘ए’ तिथे खून करीतच राहिला. आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पुढे राज्य झाला, तरी कलम १०८अ खाली गोव्यातला ‘बी’ परकीच राहिला. थेट १ जुलै २०२४ पर्यंत, भारतीय न्याय संहितेचा अंमल सुरू होईपर्यंत. नव्या संहितेत गोव्याच्या जागी ‘देश एक्स’ आला आणि युगांडाच्या जागी ‘भारताबाहेर कोणत्याही ठिकाणी’.

या सगळ्या उदाहरणांत ‘झेड’ नाही, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. युगांडात, काश्मीरमध्ये, जिंदमध्ये, मुंबईत, गोव्यात, पाच ठिकाणी पाच खून होतात, पण मेलेल्याला अक्षर नाही. कोणी म्हणेल, अधिकारक्षेत्राच्या कलमात मृताचे काय काम? म्हणणे रास्त आहे. तरीही चिथावल्या गेलेल्या ‘ई’ला अक्षर मिळते, गोव्याच्या ‘बी’ला मिळते. ज्याला धरायचे त्या प्रत्येकाला कायद्याने अक्षर दिले आहे. युगांडात कोण मेला? दुसरा कुली, मुकादम, गोरा अभियंता, की ज्याच्या जमिनीवरून रूळ गेले तो आफ्रिकी? अन्यत्र ‘झेड’ असा आठवणीने लिहिणाऱ्या संहितेला इथे त्याची आठवण झाली नाही.

हे सारे वर्गात सांगितले तेव्हा तो विद्यार्थी पुढे निघून गेला होता. पेडण्याकडून आलेली एक मुलगी मात्र मागच्या बाकावरून म्हणाली, “म्हणजे माझे आजोबा त्या पुस्तकात मरेपर्यंत परकीच होते की.” एका वकील मित्राला आम्ही हे ऐकवले. तो म्हणाला, उदाहरणातला भूगोल न्यायालयात कोणी वाचत नाही. मुलीला तसे सांगितले. तिने वहीत ‘दृष्टान्त’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि पुढचे सूत्र कोणते, असे विचारले.